देवाचं निमित्त न सांगता, एकटीनं : मराठवाड्यात कुठं आणि कसं फिरावं?

दुधनाकाठ | रविवार, रात्री ९.१०

मी सेलूची. वय ५३, शाळेत लिपिक. संक्रांत झाली अन् पाच दिवसांची रजा टाकून एकटी फिरून आले. औंढा, नर्सी, नांदेड, माहूर. जाताना लालपरी, येताना नांदेडहून रेल्वे. सोबत नवरा नाही, लेक नाही, शाळेची सहल नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा.

घरी सांगितलं, देवाला चालले. कुणी हूं की चूं केलं नाही. सासूबाईंनी तर रेणुकेच्या ओटीचं सामान स्वतः काढून दिलं. आणि परत आल्यापासून मला तेच टोचतंय. ओटी मी मनापासून भरली, त्यात खोट नाही. पण निघाले होते ती दुसऱ्याच ओढीनं. मला औंढ्याच्या देवळाच्या भिंतीवरची शिल्पं सावकाश बघायची होती. याआधी तीनदा गेलेले, तिन्ही वेळा दर्शन झालं की लगेच "चला, गाडी लागलीय". किनवट-माहूरकडचं सागाचं जंगल खिडकीतून बघायचं होतं. सकाळी उठून कुणासाठीही चहा न टाकता नुसतं बसायचं होतं. हे घरी सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "सोबत कोण?" देवाला जाते म्हटल्यावर तो प्रश्न कुणाच्या तोंडातही आला नाही.

माझी आजी गावच्या दिंडीतून पंढरपूरला पायी जायची. अक्षरओळख नव्हती, पण प्रवास तिला पक्का माहीत होता. पैसे दोन जागी, थोडे कनवटीला अन् थोडे पिठाच्या पिशवीत. लुगडी दोनच, एक अंगावर, एक वाळत. मुक्कामाला शाळेत किंवा देवळात पथारी टाकायची ती बायकांच्या मधोमध, कडेला कधीच नाही. आंघोळ उजाडायच्या आत उरकायची. गावात शिरलं की आधी पाण्याची जागा अन् आडोसा बघून ठेवायचा, मग टेकायचं. आज आपण ज्याला प्रवासाचं नियोजन म्हणतो ते आजी करतच होती. आपल्या बायकांना फिरता येतंच. फक्त देव सोडून दुसरं कारण सांगायची मुभा नव्हती.

तर माझा अनुभव. औंढ्याला सकाळी लवकर पोचा. ज्योतिर्लिंग खाली तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे, जिना अरुंद अन् उभा, वाकून उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर गर्दीच्या दिवशी, सोमवारी किंवा श्रावणात, जाऊ नका. दर्शनानंतर बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा फक्त भिंत बघत घाला. मला दीड तास लागला. हिंगोलीहून नर्सी जवळ आहे, नामदेवांचं गाव, निवांत. नांदेडला सचखंड गुरुद्वारा संध्याकाळी बघा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहजींचं निर्वाण इथं झालं. डोकं झाकायला ओढणी किंवा पदर, पाय धुऊन आत, आणि लंगरमध्ये कुणाच्याही शेजारी बसून जेवा. एकट्या बाईनं कुठं जेवायचं हा प्रश्न तिथं पडतच नाही. पंगतीत माझ्या एका बाजूला पंजाबहून आलेल्या आजी होत्या, भाषा कळत नव्हती, पण त्यांनी माझ्या ताटात दुसरी पोळी घ्यायला लावलीच.

वाईट अनुभव एकच. एका गावात एका लॉजवाल्यानं तोंडावर सांगितलं, "एकट्या लेडीजला रूम देत नाही." संध्याकाळचे सात वाजलेले. हात कापायला लागले होते, खरं सांगते. मग समोरच्या मेडिकल दुकानात एक ताई होत्या, त्यांना विचारलं. त्यांनी दुसरं लॉज सांगितलं आणि स्वतः फोन लावून दिला. तेव्हापासून मी ठरवलंय, मुक्कामाची खोली निघायच्या आदल्या दिवशी फोनवर पक्की करायची आणि फोनवरच स्पष्ट सांगायचं, "मी एकटी येणार आहे."

तुम्ही कुठं गेलात, काय अडचण आली, काय सोपं निघालं, सगळं लिहा. पुढच्या वेळी मला घरी खरं कारण सांगून निघायचंय.

तिकीट_तिकीट | रविवार, रात्री १०.०५

ताई, वाचून फार बरं वाटलं. मी एसटीत कंडक्टर आहे, मराठवाड्यातल्याच एका आगारात. रोज बायका चढताना-उतरताना बघते, त्यामुळं माझ्या बाजूनं सांगते.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे. साधी असो, निमआराम असो, शिवशाही असो. ७५ वर्षांवरच्या आजींना तर पूर्ण मोफत, मात्र वयाचा पुरावा जवळ हवा. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे उदगीरहून बिदरला निघालात किंवा धर्माबादकडून बासरच्या सरस्वतीला, तर हद्दीपलीकडचं तिकीट पूर्ण लागतं. कर्नाटकात त्यांच्या गाड्यांत बायकांना मोफत आहे, पण तिथल्या रहिवासी बायकांनाच. यावरून गाडीत वाद घालू नका, कंडक्टरच्या हातात काही नसतं.

आता महत्त्वाचं. कुठल्याही आडगावी उतरण्याआधी दोन गोष्टी विचारा. "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" आणि "इथं मुक्कामी गाडी येते का?" मुक्कामी म्हणजे जी रात्री त्या गावात थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते. मुक्कामी गाडी असेल तर सकाळी निघायची सोय पक्की. शेवटची गाडी मात्र शेवटची समजून धरू नका, तिच्या आधीचीच धरा. शेवटची बिघडली किंवा रद्द झाली तर मागं काहीच उरत नाही.

बसायला पुढचा भाग, ड्रायव्हरच्या मागच्या दोन-तीन रांगा. शेजारी बसलेला त्रास देत असेल तर सहन करत बसू नका, जागा बदलायची म्हणून मला हाक मारा. मोठ्यानं मारा. मोठ्यानं बोललं की अर्धं काम तिथंच होतं, बाकी अर्धं मी करते. फारच झालं तर गाडी पोलीस स्टेशनला नेता येते, आम्ही नेलेली आहे.

आणि एक. चढल्या चढल्या मला सांगून ठेवा, "बाई, अमक्या ठिकाणी उतरायचंय, मी नवीन आहे." तेवढं कळलं की मी लक्ष ठेवते, उतरल्यावर कुठल्या बाजूला जायचं तेही सांगते. नवीन आहोत हे लपवायचं फक्त स्टँडबाहेरच्या अनोळखी माणसांपासून.

बालाघाटची_लेक | सोमवार, सकाळी ७.२०

मी नर्स. माहेर बीड जिल्ह्यातलं, आईवडील ऊसतोडीला जायचे.

धागा वाचून रात्री झोप आली नाही. आमच्या आया दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला जातात, पाच-सहा महिने. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. माझ्या आईनं निम्मा महाराष्ट्र पाहिलाय, पण फडातून. पाचटाच्या खोपीत राहिली, अंधारात उठून पाणी आणलं, माझी धाकटी बहीण तिथंच रांगायला शिकली. "कोल्हापूर कसं आहे गं आई?" असं विचारलं तर ती सांगायची, "ऊस उंच असतो तिकडचा." कोल्हापूरची अंबाबाई कारखान्यापासून तासाभरावर, ती कधी पाहिली नाही.

मला नोकरी लागल्यावर मी तिला वेरूळला नेलं. फक्त आम्ही दोघी. कैलास लेणं बघून ती बराच वेळ हत्तीपाशी बसली आणि म्हणाली, "वरून खाली खोदत आले म्हणत्यात. केवढं हात दुखलं असतील." मी तिला लेण्याचा इतिहास वाचून दाखवणार होते, तो कागद पर्समध्येच राहिला.

आता कामाचं बोलते. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, जायचं कुठं? मग लघवीची जळजळ, ताप, उन्हाळ्यात चक्कर. आमच्याकडे ओपीडीत लग्नसराई अन् यात्रांच्या दिवसांत हेच पेशंट. कृपा करून पाणी प्या. त्यापेक्षा थांबे ठरवून ठेवा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह सर्वांसाठी असतं, पेट्रोल भरलंच पाहिजे असं नाही. हक्कानं विचारा, चावी मागा. सरकारी दवाखाना, जेवणाचं मोठं हॉटेल, रेल्वे स्टेशनचं महिला प्रतीक्षालय. पिशवीत साबणाचा तुकडा, पाण्याची छोटी बाटली वेगळी, आणि जुन्या सुती साडीचा एक मोठा तुकडा. तो आडोसा होतो, चादर होतो, ऊन लागलं तर ओला करून डोक्यावर घेता येतो.

ओआरएसची चार पाकिटं. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीच्या पुढं जातो, तेव्हा ११ ते ४ बाहेर फिरायचंच नाही. पाळीच्या तारखेमुळं प्रवास पुढं ढकलू नका, पण पॅड घरूनच न्या, सोबत जुनी वर्तमानपत्रं आणि काळी पिशवी. चालू गोळ्या असतील तर दोन दिवसांच्या जास्तीच्या. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मात्र मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून घेऊ नका, डॉक्टरला विचारूनच.

गंगाखेडची | सोमवार, दुपारी १.३५

मी पहिल्यांदाच लिहितेय. वय २४, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. घराबाहेर एकटीनं एकही रात्र काढलेली नाही. मला अजिंठा बघायचंय. पाचवीपासून पुस्तकात चित्र बघतेय, पद्मपाणीचं. घरी विचारलं तर वडील म्हणाले, लग्नानंतर नवऱ्यासोबत जा. एकटीनं जमेल का? खर्च किती? भीती वाटते, पण परीक्षेआधी जायचंच आहे.

मकबऱ्यामागची_गल्ली | सोमवार, दुपारी ३.५०

@गंगाखेडची, जमेल. मी संभाजीनगरची, इतिहास शिकवते, अजिंठ्याला किती वेळा गेले ते मोजलेलं नाही. नीट वाच.

गंगाखेडहून परभणी, परभणीहून रेल्वेनं इकडं. दिवसाची गाडी धर म्हणजे उजेडात पोचशील. आमच्या स्टेशनवर काही गाड्या अपरात्री येतात, मुंबईहून येणारी देवगिरी तर अंधार असतानाच. कधी तशी वेळ आलीच तर लगेच रिक्षा शोधत बाहेर पडायचं नाही, उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसायचं. मुंबईकडून येणाऱ्यांना तपोवन चांगली, सकाळी निघते, दुपारी इथं, संध्याकाळी नांदेडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडं जाणारी गाडी. इथं एक चूक नव्या माणसाकडून हमखास होते. अजिंठा गाव वेगळं, अजिंठा लेणी वेगळी. गाडी सिल्लोडवरून अजिंठा गावात येते, तिथं उतरायचं नाही. पुढं घाट उतरला की फर्दापूरच्या अलीकडं लेण्यांचा फाटा लागतो, त्याला टी पॉइंट म्हणतात. कंडक्टरला "लेणी, टी पॉइंट" असं सांग. तिथून शेवटचे चारेक किलोमीटर ठरलेल्या बसनंच जावं लागतं. अंतर साधारण शंभर किलोमीटर, अडीच-तीन तास धर.

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. हे उलटसुलट झालं की पूर्ण दिवस फुकट जातो.

आत गेल्यावर घाई करू नकोस. चित्रांच्या लेण्यांत चप्पल बाहेर काढावी लागते, दगड दुपारी तापतो, म्हणून पायमोजे घे. फ्लॅश चालत नाही. अंधारात शिरलं की पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, बरेच लोक तेवढ्यात बाहेर पडतात. तू थांब. डोळे सरावले की १ नंबरच्या लेण्यात डाव्या हाताला तुझा पद्मपाणी दिसेल. मग १७ नंबर. तिथं नटणाऱ्या, आरसा धरलेल्या बायका बघ. दीड हजार वर्षांपूर्वी त्यांच्या केसांची वळणं कुणीतरी इतक्या निगुतीनं रंगवली. शेवटी २६ नंबरमध्ये बुद्धाचं महापरिनिर्वाण, झोपलेली मूर्ती, तिच्यासमोर गर्दी कमी असेल तर दहा मिनिटं नुसती बस.

राहायचं असेल तर फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवास आहे. पण पहिल्या खेपेला शहरात मुक्काम कर आणि अंधार पडायच्या आत परत ये. टी पॉइंटवरून परतीच्या गाडीला चारपर्यंत उभी राहा.

खर्चाचं म्हणशील तर प्रवास अर्ध्या तिकिटात, डबा घरचा. खरा खर्च खोलीचा. तो वाचवायचा असेल तर नात्यातलं कुणी शहरात आहे का ते बघ.

उदगीरचा_भाऊ | सोमवार, रात्री ९.००

बहिणींनो, मी पुरुष, लिहू की नको असं झालं. माझी मोठी बहीण पुढच्या महिन्यात एकटी तुळजापूर, नळदुर्ग, तेर करणार म्हणते. मला मनापासून काळजी वाटते. सोबत चल म्हटलं तर ती नको म्हणते. मी चुकतोय का? बायकांनी रात्रीचं तरी फिरू नये असं वाटतं.

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

भाऊ, काळजी वाटणं चूक नाही. पण ती काळजी अक्काच्या पायात अडकू देऊ नका. मी निघाले तेव्हा लेकानं पहिल्या दिवशी अकरा फोन केले. प्रत्येक फोनला मी पिशवी खाली ठेवायची, पर्स उघडायची, उभी राहायची. स्टँडवर फोनमध्ये गुंतलेली बाई जास्त अडचणीत असते. शेवटी ठरवलं, दिवसातून दोन फोन, सकाळी निघताना अन् मुक्कामाला पोचल्यावर. मधे लोकेशन चालू. पोचायच्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही तरच हालचाल करायची, आणि कुणाला लावायचा ते आधी लिहून ठेवायचं, लॉजचा नंबर, गाडीचा मार्ग. माहूरच्या डोंगरात मधेच रेंज जाते, तेव्हा घरचे घाबरतात, म्हणून तेही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

रात्रीचं म्हणाल तर उशिरा पोचणं मीही टाळते. पण ते ठरवणार अक्का.

तुळजाईचा_पायथा | मंगळवार, सकाळी ११.१५

@उदगीरचा_भाऊ, तुमच्या बहिणीचा बेत छान आहे, मी धाराशिवची. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा अन् नवरात्र सोडून जायला सांगा, मग दर्शन निवांत होतं. कोजागरीला इथं पायी येणाऱ्या बायका बघा कधी. सोलापूरकडून, कर्नाटकातून, रात्रभर चालत, अनवाणी, लहान लेकरं कडेवर. त्या रात्री रस्त्यावर बायकाच बायका असतात आणि कुणालाच भीती वाटत नाही. गर्दी आपली असली की रात्रही आपली होते, हे मी त्या रस्त्यावर शिकले. नांगरलेल्या रानातून, पुलावर, हायवेच्या कडेला बायका बिनधास्त टेकलेल्या असतात.

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, तुळजापूरहून गाड्या मिळतात. किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात भरून वाहायला लागलं की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आतल्या सज्जात उभं राहून समोरून पाण्याचा पडदा बघायचा. त्या दिवसांत दगड शेवाळलेले असतात, पकड असलेलीच चप्पल हवी. किल्ला प्रचंड मोठा आहे, उपळी बुरुजापर्यंत चालणं बरंच. आत एकटीनं आडबाजूला न जाता एखाद्या कुटुंबाच्या मागं-पुढं राहावं. मी सरळ विचारते, "तुमच्यासोबत चालू का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

तेर मात्र चुकवू नये. लोकांना गोरोबाकाकांचं तेर माहीत असतं, पण हेच जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. संग्रहालयात त्या काळचे मणी, हस्तिदंती वस्तू, मातीच्या बाहुल्या आहेत. विटांचं त्रिविक्रम मंदिर तर महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या देवळांत गणलं जातं. गाव लहान, अर्ध्या दिवसात होतं, आणि गावातल्या बायका पाणी विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

मकबऱ्यामागची_गल्ली | मंगळवार, दुपारी १२.३०

"तुमच्यासोबत चालू का" हे देवगिरीच्या किल्ल्यावर तर हवंच. तिथल्या अंधारी वाटेत वटवाघळं आणि काळोख, मोबाइलच्या उजेडावर एकटीनं शिरू नका, एखादा घोळका येईपर्यंत थांबा.

रेल्वेलाइनशेजारी | मंगळवार, रात्री ८.२०

रेल्वेचं थोडं. प्रवासात काहीही अडचण आली तर १३९. रेल्वे सुरक्षा दलाचं "मेरी सहेली" नावाचं काम चालतं, लांबच्या गाडीत एकट्या बायकांना त्यांच्या महिला कर्मचारी गाडी सुटतानाच भेटून जातात, सीट नंबर लिहून घेतात. भेटल्या तर मोकळेपणानं बोला. बायकांच्या डब्यात पुरुष चढला तर रेल्वे कायद्यानं तो गुन्हा आहे, दंड होतो. आणि बऱ्याच जणींना माहीत नसतं, तिकीट नसलं किंवा हरवलं तरी एकट्या बाईला रात्री कुठल्याही आडस्टेशनवर उतरवता येत नाही. तसा नियमच आहे.

गाडीबाहेर कुठंही ११२. महिला हेल्पलाइन १८१ आणि १०९१. आकडे मोबाइलमध्ये असतातच, पण मोबाइलच गेला तर? कागदावर लिहून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा, घरच्यांच्या दोन नंबरांसकट.

तिकीट_तिकीट | मंगळवार, रात्री १०.३०

लॉजचं राहिलं होतं. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही, हे शांतपणे सांगायचं. पण अंधार पडल्यावर वाद घालत बसण्यापेक्षा दुसरी जागा बघायची. काही भक्तनिवासांतही एकट्या माणसाला खोली देत नाहीत, बाई असो की बाप्या, म्हणून आधी फोन. आधारची झेरॉक्स मागतात, तेव्हा मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. खोलीत गेल्यावर आधी कडी लावून बघा, नळ बघा, खिडकी बंद होते का बघा, मगच पैसे. मला ड्युटीवर मुक्काम असतो तेव्हा मी दाराला आतून स्टूल लावून त्यावर स्टीलचा तांब्या ठेवते. दार हललं की आवाज होतो.

बालाघाटची_लेक | बुधवार, सकाळी ६.५०

@गंगाखेडची, वडिलांशी बोललीस का? एक सुचवू? एकदम दोन रात्रींचं विचारू नकोस. आधी एक दिवसाचं कर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. अंबाजोगाईला ये. योगेश्वरीचं देऊळ आहे, हत्तीखान्याची लेणी आहेत, मुकुंदराजांची समाधी बालाघाटाच्या कड्यात आहे, पावसाळ्यानंतर हिरवंगार. येताना परळीवरून ये. मी तुला स्टँडवर भेटते, माझी सुट्टी रविवारी. घरच्यांना माझ्याशी फोनवर बोलायला दे. एकदा संध्याकाळी वेळेत परत आलीस की पुढच्या वेळी अजिंठ्याचं विचारणं सोपं जाईल.

गंगाखेडची | बुधवार, रात्री ९.१५

ताई, आज बोलले. देवाला जाते असं सांगितलं असतं तर लगेच हो म्हणाले असते, आई तेच सुचवत होती. पण दुधनाकाठ मावशींचं वाचलं होतं म्हणून खरं सांगितलं, लेणी बघायला जायचंय, एकटीनं. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी कितीची आहे?"

दुधनाकाठ | बुधवार, रात्री ९.२०

अगं माय! डोळ्यांत पाणी आलं. पाण्याची बाटली, ओढणी, कागदावर नंबर. अन् पैसे दोन जागी.

गंगाखेडची | रविवार, सकाळी ७.०५

स्टँडवर आहे. परळीची गाडी लागलीय, पुढं अंबाजोगाई. बाबा सोडायला आले होते, मी तिकीट काढते म्हटल्यावर गेटपाशीच थांबले. कंडक्टर ताईच आहेत, त्यांना सांगितलं नवीन आहे म्हणून, त्यांनी ड्रायव्हरमागची सीट दिली. अर्धं तिकीट. परतीच्या शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी विचारून घेतली, पाच वाजताची.

@बालाघाटची_लेक, तुम्हाला ओळखायचं कसं? माझ्याकडं निळी पिशवी आहे.